मधलीच पानं

३ सप्टेंबर

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तर त्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला काढल्या होत्या. सात वाजता पाणी आलं. बादली भरली, दूध तापवून झाकून ठेवलं, खिडकीतल्या कुंडीला आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी घातलं आणि डबे एकेक करून खाली मांडले. मधल्या फळीवरचा कागद कोपऱ्यांना मोडायला लागला आहे. तो काढला नाही, नुसती वरची धूळ झटकली. नळ सुरू होता. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, कॉम्प्युटरसमोरून, ह्यांनी हाक मारली. माझा डावा कान कसा आहे ते तुला ठाऊक आहे. मला एवढंच कळलं, की तुझं ते झालंय बघ जवळजवळ, जरा इकडे ये. मी म्हटलं, हात ओले आहेत, नंतर येते. बरं, म्हणाले. मग मी चार डबे घासले. पाचवा घासत होते तेव्हा ते खुर्चीतून खाली आले असणार, कारण हात पुसून बाहेर गेले तेव्हा पाचवाच डबा माझ्या हातात होता. पुढचं तुला माहीत आहे.

हे मी सहा महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायची वेळ आली.

परवा छापखान्याचे मॅनेजर येऊन गेले. कॉम्प्युटर छापखान्याचा, घरी बसून प्रुफं तपासता यावीत म्हणून त्यांनी ह्यांना दिलेला. आता नवा माणूस नेमला आहे, त्याला तो लागणार. तीस तारखेला माणूस पाठवून नेतील आणि आतलं सगळं पुसून त्याला देतील. मॅनेजर वाईट वाटून घेत बोलत होते. ह्यांचा चष्मा अजून कीबोर्डशेजारीच आहे, तो बघून चहा नको म्हणाले. तुमचं काही आत असेल तर काढून घ्या, असं दोनदा सांगून गेले.

माझं काहीतरी आत आहे. ते काय आहे, हे मला माहीत नाही. तुझं ते, म्हणाले होते. माझं काय असणार त्या यंत्रात? पण ते तीस तारखेच्या आत सापडायला हवं. तू आणलेला टॅब कपाटात आहे. त्यात हे सगळं कसं घ्यायचं ते मला कागदावर लिहून पाठव, मी भिंतीला लावेन. फोनवर नको. मागच्या वेळी तू कॉपी कर, कॉपी कर म्हणत होतीस आणि मी कॉफी ऐकत होते. मला वाटलं, पोरगी एवढ्या लांबून माझ्या कॉफीची का काळजी करते, आपल्या घरात कॉफी पितं कोण.

पत्रातल्या अक्षरांवरची टिंबं शेवटी एकदम दिली आहेत. लिहिताना माझ्या हातून ती पडत नाहीत, हा जन्माचा दोष आहे. पूर्वी हे लाल शाईने देत आणि म्हणत, हिने आयुष्यात एकच टिंब नीट दिलं, ती आमची मुलगी. आता मी स्वतःच देते. कुठे राहिलं असेल तर समजून घे.

जेवत जा. माया आहेच, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
आई


९ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि मग उरलेला दिवस नमुन्यांच्या बाटल्यांवर दुसऱ्यांचीच लेबलं लावत बसले. वरिष्ठ बाईंनी ती सगळी माझ्याकडून पुन्हा लावून घेतली.

आई, हात ओले असले की माणूस नंतर येते असंच म्हणतं. मीही बाबांना हजार वेळा म्हटलं आहे, आणि माझे तर हात कोरडे असायचे. ते बरं म्हणाले ना? मग ते रागावले नव्हते. एवढं धरून ठेव.

मधल्या फळीचा कागद तू अजून बदलला नाहीस, हे वाचून बरं वाटलं. मी लहानपणी स्टुलावर चढून तो वाचायची. एक बाई कंदिलाची काच शालीत गुंडाळून पूल ओलांडते. नऊ वर्षं जिच्याशी बोलणं नाही त्या बहिणीकडे चाललेली असते. काच फुटू नये म्हणून पोटाशी धरून चालते. दारावर थाप मारते. दार उघडलं आणि, इथे कागद संपतो. पुढे काय, म्हणून तू बाबांना विचारायचीस आणि ते म्हणायचे, पुढचा सोळा पानांचा फर्मा आलाच नाही, लेखकाने तीन फर्म्यांनंतर हस्तलिखित परत नेलं. मग तू म्हणायचीस, की अहो, निदान दाराला कडी तरी लावून जायचं. आपल्या घरात दार उघडं राहिलं, की तिघांपैकी कुणीतरी हमखास म्हणायचं, दार उघडलं आणि.

मला रजा मिळत नाही. मार्चमध्ये सगळी संपली. म्हणून लिहून पाठवते, सावकाश कर.

कॉम्प्युटर सुरू कर. टॅब सुरू कर. टॅबच्या खोक्यात काळी वायर आहे, तिचं लहान टोक टॅबला आणि मोठं टोक कॉम्प्युटरला लाव. उलटं बसत नाही, जोर करू नकोस. टॅब विचारेल, नुसतं चार्जिंग करायचं का फाइली पाठवायच्या. फाइली पाठवायच्या, यावर बोट ठेव. हे विसरलीस तर कॉम्प्युटरला टॅब दिसणारच नाही, आणि तू मला बोल लावशील. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर टॅबचं चित्र येईल. ते उघड, आत डाउनलोड नावाचा फोल्डर दिसेल. बाबांच्या ज्या फाइली हव्यात त्या निवडून कॉपी कर (कॉफी नव्हे) आणि त्या फोल्डरमध्ये पेस्ट कर. हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत वायर काढू नकोस.

टॅबबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. आज नाही जमत.

डाव्या कानावर झोपत जा, उजवा उघडा राहू दे. लेकीवरचा जीव तसाच असू दे.

तुझी,
टिंब


१४ सप्टेंबर

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागद भिंतीला लावला. ह्यांचा चष्मा उचलून खिडकीत ठेवला, मग पुन्हा कीबोर्डशेजारी आणून ठेवला, आणि कामाला लागले. तू लिहिलंस तसं सगळं झालं. पहिल्यांदा नुसतं चार्जिंग झालं. त्यावर तुला बोल लावले, ते पोचले असतील. दुसऱ्यांदा टॅबने विचारलं तेव्हा बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. पडद्यावर ह्यांनी मांडलेली जेवढी चित्रं होती ती सगळी उचलली, वीस-बावीस असतील. हिरवी पट्टी एका क्षणात भरली. मला वाटलं, बघा, उगीच घाबरत होतो.

मग टॅबमध्ये ती सापडेनात. दोन दिवस मी फोटोंच्या जागी शोधत होते. तिथे माझ्या अंगठ्याचे चौदा फोटो आहेत, ते कधी काढले देव जाणे. तिसऱ्या दिवशी फाइल्स नावाची एक जागा दिसली, तिच्यात डाउनलोड, आणि त्यात सगळी बावीस चित्रं ओळीने उभी. जीव भांड्यात पडला. एकावर बोट ठेवलं तर टॅब म्हणतो, उघडता येत नाही. दुसऱ्यावर तेच. बावीसच्या बावीस.

मी तशीच बसून राहिले. वाचता येत नव्हतं तेव्हा असंच व्हायचं. तू झालीस त्याच्या आदल्या वर्षी हे छापखान्यातून चुकलेली, रद्द झालेली प्रुफं आणायचे आणि मी ती फळ्यांवर, पेटीत, कपाटात घालायची. रोज तेच कागद डोळ्यांसमोर. हे डबा घेऊन कामावर गेले, की मी फळीवरच्या डब्याच्या कागदी चिठ्ठीवरचं अक्षर त्या कागदांत शोधायची. साखर कुठे लिहिली आहे तिथला सा घ्यायचा, आणि दुसऱ्या शब्दात तोच सा दिसला की खूण करायची. दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही. एक दिवस जेवताना मी ह्यांना विचारलं, तो तोतरा वकील खटला जिंकला का हो? हातातला घास त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, कोणता वकील. मी म्हटलं, पिठाच्या डब्याखालचा.

सगळी पुस्तकं मी अशी मधूनच वाचली. प्रुफं मधल्याच फर्म्यांची असायची. पुढे पैशांअभावी नाही, पण सवयीने मी कधी आख्खं पुस्तक हातात घेतलं नाही, मला ते मोठं वाटायचं. हे म्हणायचे, मधलीच पानं वाचणारी जगात ही एकटी.

पंधरा दिवस उरले. माझं काय चुकलं ते कळव.

आपुलकी ठेव, ती दुरूनही लागते.

तुझी,
आई


१८ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं काही चुकलं नाही, मीच सांगायचं विसरले. त्या चित्रांच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण आहे, बघ. बाण असलेलं चित्र म्हणजे फाइल नाही, तिचा नुसता पत्ता. तू बावीस पत्ते उचलून आणलेस आणि घरं तिथेच राहिली. आता पडद्यावरचं काही घेऊ नकोस. कॉम्प्युटरच्या आत जा, तिथे डी असं लिहिलेल्या भागात बाबांचा काम नावाचा पिवळा फोल्डर आहे. आख्खा फोल्डर उचल. या वेळी हिरवी पट्टी अर्धा तास घेईल, तेच बरोबर. मग टॅबमध्ये फाइल्स उघडून वरच्या भिंगावर बोट ठेव आणि शब्द लिही. त्या नावाचं जे असेल ते टॅब आपणहून काढून देईल. तुझं नाव लिहून बघ, आई लिहून बघ, गोष्ट, पुस्तक, पत्र, जे सुचेल ते.

आता टॅबचं सांगते.

तो मी माझ्या मनाने आणला नव्हता. जानेवारीत बाबांचा फोन आला होता, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. ते म्हणाले, अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल असा एक टॅब तुझ्या आईसाठी बघ, तिला सांगू नकोस, तिच्यासाठी थोडं काम करतोय, ते त्यात घालून द्यायचं आहे. कसलं काम, विचारलं तर म्हणाले, तू तुझ्या बाटल्या सांभाळ. फेब्रुवारीत मी टॅब घेतला. टपालाने पाठवला असता तर आठवड्यात पोचला असता. पण मला तुझा चेहरा बघायचा होता, म्हणून म्हटलं, मे महिन्यात स्वतःच घेऊन जाईन. दोनदा त्यांनी विचारलं, निघाला का गं तो? मी म्हटलं, येते आहे ना घेऊन.

मार्चमध्ये आले तेव्हा तो माझ्या बॅगेत होता. बाबांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं आणि मी बॅग उघडू शकत नव्हते. जाण्याच्या दिवशी तो कपाटात ठेवला आणि तुला म्हटलं, असू दे वेळ घालवायला. त्यांचं ते काम कुठवर आलं होतं, हे उघडून बघायचं मला धाडस झालं नाही. तू हातांचं लिहिलंस, म्हणून मी हे लिहू शकले.

रागावली असशील तर तसं लिही. गप्प राहू नकोस.

तुझी,
टिंब


२२ सप्टेंबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे कसे आहेत? लेप लावता का, का त्या डॉक्टरलाच गुडघे समजत नाहीत म्हणून तसाच ठेवला आहे?

एक विचारण्यासाठी लिहिते. दर गुरुवारी हे तुमच्याकडे येऊन बसत. माझ्यासाठी काही करत असल्याचं तुम्हाला बोलले होते का? ते गेले त्या सकाळी मला सांगू बघत होते आणि मी ऐकलं नाही. आता टिंबाने लिहिलं, की जानेवारीपासूनच काहीतरी चाललं होतं. तीस तारखेला कॉम्प्युटर जाईल.

टिंबाच्या सांगण्याप्रमाणे कामाचा आख्खा फोल्डर टॅबमध्ये घेतला. तीन वेळा वायर निसटली, चौथ्यांदा जमलं. आत चारशेच्या वर फाइली आहेत. नावाच्या जागी नुसते आकडे, छापखान्याची पद्धत. उघडल्या तर मराठी नाही, इंग्रजीही नाही, कंसांची आणि ठिपक्यांची गिचमीड. मॅनेजरना विचारलं, ते म्हणाले, तो छापखान्याचा जुना फॉन्ट आहे, आमच्या मशिनशिवाय वाचता येणार नाही. चाळीस वर्षं अक्षर ओळखायला शिकले आणि शेवटी ह्यांचंच काम मला वाचता येऊ नये.

भिंगात शब्द लिहून पाहिले. माझं नाव लिहिलं. काही नाही. आई, गोष्ट, पुस्तक, डबा, वकील, कंदील. टिंबाचं खरं नावही लिहिलं. टॅब प्रत्येक वेळी सांगतो, काही सापडलं नाही. हे तो फार सौम्यपणे सांगतो, तेवढं बरं.

मला वाटतं, आता राहू द्यावं. कदाचित त्यांनी पुसूनही टाकलं असेल. पण वन्सं, कुणी आपल्यासाठी काही करून ठेवलं आणि ते घेतलंच नाही, असं राहिलं तर मी उरलेले दिवस कसे काढू ते मला कळत नाही. तुम्हाला एवढ्यासाठी लिहिलं, की त्यांना तुम्ही माझ्या आधीपासून ओळखता.

मी तुमची होते तशीच राहू दे.

आपली,
वहिनी


२५ सप्टेंबर

आमच्या घरच्या वाचणारणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघे माझ्याइतकेच हट्टी आहेत. लेप लावत नाही.

माझा भाऊ मला काही बोलला नाही. तो गुरुवारी यायचा, चहा प्यायचा, माझ्या औषधांच्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढायचा आणि जायचा. एकदा मात्र, थंडीत, त्याने विचारलं होतं, तुझ्या ट्रंकेत तळाला जुना छापील कागद आहे का, बघू दे. मी म्हटलं, रद्दी नेतोस का आता? तो कागद नेला आणि पुढच्या गुरुवारी आणून पुन्हा तळाशी घातला, घडीसुद्धा तीच. तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं.

आता तुझ्या शोधण्याबद्दल. तू आणि तुझी शिकलेली लेक, दोघींनी मिळून भिंगात तुझं नाव घातलं. मला हसू आलं, आणि मग आलं ते हसू नव्हतं. अगं, त्याने चाळीस वर्षांत तुला नावाने हाक मारलेली ऐकली आहेस? मी नाही ऐकली. तुमचं लग्न झालं तेव्हा आमच्या आईने त्याला विचारलं होतं, बायकोचं नाव आवडलं नाही का? तर म्हणाला, नाव सगळ्यांसाठी आहे. तो तुला जशी हाक मारायचा तशी त्या यंत्राला मारायला सांग.

तू पहिल्यांदा घरात आलीस तेव्हा हातात धुळीचं फडकं घेऊन कपाटासमोर तासभर उभी राहायचीस. मी सगळ्यांना सांगितलं, मंद आहे. तू वाचत होतीस हे नंतर कळलं. तेव्हा बोलले नाही, आता लिहून देते. मंद मी होते.

सापडलं तर कळव, नाही सापडलं तरी कळव. जीव लावून राहा.

तुझी,
वन्सं


२९ सप्टेंबर

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सापडलं.

कसं ते सांगते. तुझ्या आत्याचं पत्र काल दुपारी आलं. टॅब घेऊन मी ह्यांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. भिंगावर बोट ठेवलं आणि लिहिलं, अगं. ह्यांचा शब्द म्हणून नीट लिहिला, वरचं टिंब शोधून दिलं. टॅब म्हणाला, काही सापडलं नाही.

मग मला काही वाटेनासं झालं. शब्द पुसून टॅब बंद करावा, म्हणून पुसायच्या खुणेवर बोट ठेवलं. आधी टिंब गेलं. नुसतं अग उरलं. आणि लगेच खाली, आकड्यांच्या गर्दीत आत कुठेतरी दडलेला, एक पिवळा फोल्डर आला. त्याचं नाव तेच. अग.

टिंबा, ज्या माणसाने लग्नपत्रिकेतलं टिंबसुद्धा सोडलं नाही, दुकानांच्या पाट्या वाचताना ज्याचा जीव वरखाली व्हायचा, त्याने ते नाव माझ्यासारखं लिहिलं. मी शोधायला बसेन तेव्हा टिंब देणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी नेमकं या एका ठिकाणी दिलं. आतल्या मजकुरात बघितलं, एकही टिंब चुकलेलं नाही. चूक फक्त माझ्या नावात आहे.

आत अकरा फाइली आहेत, नव्या फॉन्टमध्ये, स्वच्छ वाचता येतात. नावं अशी, पिठाच्या डब्याखाली, पेटीचं अस्तर, कपाट खालचा कप्पा, वन्संची ट्रंक. मी ज्या पुस्तकांची मधली पानं वाचली होती त्यांचे शेवट. छापखान्याच्या गोदामातून, कुठल्या कुठल्या वाचनालयांतून शोधून काढले आणि स्वतः बसून टाइप केले. बोटांनी मोठं करून वाचत गेले. तो तोतरा वकील खटला हरतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, जिंकला असेल. हरतो, पण शेवटच्या भाषणात एकदाही अडखळत नाही. एका कोटावर हिवाळे काढणारे दोघे भाऊ होते ना, त्यांचा कोट नदीत वाहून जातो आणि दोघं काठावर हसत बसतात. हे वाचून मी मोठ्याने ह्यांना सांगायला तोंड उघडलं.

अकरावी फाइल मधल्या फळीची. पूल, शाल, काच, दारावर थाप. दार उघडलं आणि. त्याखाली ह्यांनी लिहिलं आहे, ते जसंच्या तसं तुला उतरवून देते:

अग, हिचं पुढचं कुठेच मिळालं नाही. छापलंच नव्हतं. लेखकाच्या घरी पत्र टाकलं, ते घर आता नाही. मी स्वतः तीनदा लिहून पाहिलं. जमत नाही. मी दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, माझ्या हातून वाक्य पुढे जात नाही. तुला तिचं काय होतं ते माहीत असणार, इतकी वर्षं तिच्याशेजारी उभी आहेस. तू सांग, मी टाइप करतो.

खाली तारीख आहे. त्याच दिवसाची. वेळ सात वाजून चाळीस मिनिटं.

म्हणजे ते मला दाखवायला बोलावत नव्हते. विचारायला बोलावत होते.

तू टॅबचं मनाला लावून घेतलं आहेस. आठवड्यात पोचला असता तरी त्यात घालायला हे पूर्ण झालेलं नव्हतं. त्या सकाळपर्यंत काम चालू होतं, तारीख तेच सांगते. तुला उशीर झाला नाही. एवढं वाच आणि बाटल्यांवर नीट लेबलं लाव. हातांचं मला अजून काही म्हणता येत नाही. ते माझ्याजवळ राहू दे.

आत्याला वेगळं लिहिते आहे. तिला म्हणावं लागेल, मंद कुणीच नव्हतं.

माझ्याकडचं प्रेम टपालात हरवत नाही, तेव्हा निश्चिंत राहा.

तुझी,
आई

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून आजचं लिहिते. सकाळी छापखान्याचा माणूस कॉम्प्युटर घेऊन गेला. टेबलावर धुळीचा चौकोन राहिला, तो पुसला, चष्मा जागेवर ठेवला. मग हात कोरडे केले, टॅब उघडला आणि दार उघडलं आणि, याच्या पुढे लिहिलं, की दारात बहीण होती, तिचे हात ओले होते, आणि तशाच ओल्या हातांनी तिने काच घेतली. टिंबं अजून दिलेली नाहीत.